विड्यातला कात आणि विलायतेतली तांबडी शिडे: झीज रोखण्याचा इतिहास

१/
एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या किनाऱ्यांची चित्रे पाहिली की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. मासेमारी नौकांची शिडे पांढरी नाहीत. ती तांबूस, विटकरी, कधी गडद तपकिरी आहेत. हा रंग हौसेचा नव्हता. त्यातील बराचसा रंग ज्या पदार्थाचा होता तो आपल्या पानाच्या तबकात असतो. तो म्हणजे कात. विड्यातला कात विलायतेच्या शिडांवर कसा चढला आणि तो कशापासून बचाव करीत होता, हे आजच्या धाग्यात पाहू.

२/
आरंभी मुंबईचे एक उदाहरण घेऊ. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेदजी बमनजी यांच्या देखरेखीखाली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका बांधली गेली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. सागवानाचा सांगाडा दोन शतके टिकला. शिडे आणि दोरखंड मात्र काही वर्षांतच बदलावे लागत. नौकाबांधणीच्या इतिहासात लाकडाची चर्चा पुष्कळ होते. शीड आणि दोर हा नौकेचा सर्वांत लवकर झिजणारा भाग असूनही त्याची चर्चा क्वचितच होते.

३/
शीड बहुधा वादळाने फाटते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वादळ अखेरचा घाव घालते, एवढेच. त्यापूर्वी महिनोन्‌महिने तीन शत्रू आपले काम करीत असतात. पहिला शत्रू कूज, म्हणजे ओलाव्यात वाढणारी बुरशी व जिवाणू. दुसरा घर्षण, म्हणजे दोरावर दोर, काठीवर कापड घासणे. तिसरा ऊन. जुन्या काळी पहिला शत्रू सर्वांत भयंकर होता. आज तिसरा आहे. या क्रमात झालेला बदल हाच या विषयाचा इतिहास होय.

४/
प्रथम कूज. युरोपात शिडे मुख्यतः जवसाच्या ताटांपासून काढलेल्या धाग्याची असत आणि दोरखंड हेंपचे, म्हणजे भांगेच्याच जातीच्या झाडाच्या वाखाचे. ‘कॅनव्हास’ हा शब्दही ‘कॅनाबिस’ या नावावरूनच आला आहे. हे दोन्ही धागे मूलतः सेल्युलोजचे, म्हणजे सूक्ष्म जीवांचे अन्नच. ओले शीड गुंडाळून ठेवले की आतल्या घड्यांत बुरशी धरते. वरून कापड धड दिसते आणि पुढच्या जोरदार वाऱ्यात ते घडीच्या रेषेवरच फाटते. म्हणून पाऊस थांबताच शिडे उलगडून वाळवणे हे जहाजावरचे नित्याचे काम होते.

५/
दोरांवर उपाय होता डांबराचा. हे आपल्या रस्त्यांवरचे डांबर नव्हे. पाइन वृक्षांची मुळे व लाकूड मंद आचेवर तापवून काढलेला हा चिकट, सुवासिक द्रव असे. उत्तर युरोपातील जंगलांतून तो पिंपे भरभरून येई आणि ‘स्टॉकहोम टार’ या नावाने विकला जाई. दोराचे धागे त्यात भिजवले की पाणी आत शिरत नसे. खलाशांच्या हातांना व कपड्यांना हे डांबर इतके चिकटलेले असे की इंग्रजीत खलाशाचे टोपणनावच ‘जॅक टार’ पडले.

६/
परंतु संरक्षणालाही किंमत मोजावी लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ दुहामेल द्यु मॉन्सो यांनी दोर वळण्याच्या कलेवर १७४७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. नौदलासाठी त्यांनी दोर ताणून, तोडून प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या होत्या. डांबर लावलेला दोर नव्या स्थितीत बिनडांबरी दोरापेक्षा कमी ताण सहन करतो, हे त्यातून दिसून आले. शिवाय तो जड आणि ताठर होतो. तरीही डांबर चालूच राहिले, कारण पहिल्या दिवशीचे बळ आणि शेवटच्या दिवशीचे बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रावर दुसऱ्या गोष्टीला अधिक मोल होते.

७/
शिडांना मात्र डांबर फारसे चालण्याजोगे नव्हते. शीड हलके हवे, घडी पडणारे हवे, वाऱ्याने फुगणारे हवे. येथे कोळ्यांनी चर्मकारांची युक्ती उचलली. कातडे टिकवण्यासाठी ओकच्या सालीचा तुरट काढा वापरतात. त्याच काढ्यात जाळी आणि शिडे उकळायची. इंग्लंडमधील मासेमारीच्या बंदरांत यासाठी मोठ्या तांब्याच्या कढया असलेली स्वतंत्र घरे असत. तुरटपणा देणारे टॅनिन धाग्यात मुरते आणि बुरशी व जिवाणूंना ते अन्न पचू देत नाही. तपकिरी रंग ही या प्रक्रियेची खूण.

८/
ओकच्या सालीत टॅनिन तुलनेने कमी. एकोणिसाव्या शतकात तिच्या जागी एक अधिक तीव्र पदार्थ आला, तोच कात. इंग्रज व्यापारी त्याला ‘कच’ म्हणत. खैराच्या झाडाचा आतला लालसर गाभा काढायचा, त्याच्या ढलप्या करायच्या, त्या पाण्यात तासन्‌तास उकळायच्या, अर्क गाळून आटवायचा आणि थिजला की वड्या पाडायच्या. या अर्कातील फिकट, स्फटिकासारखा भाग विड्यासाठी उत्तम. उरलेला गडद, टॅनिनयुक्त भाग रंगाई, कातडे, जाळी आणि शिडे यांच्यासाठी. एकाच झाडाचे हे दोन उपयोग.

९/
हे काम कोकणात कोण करीत असे? उत्तर एका जमातीच्या नावातच आहे. कातकरी म्हणजे कात करणारे. त्यांनाच काथोडी असेही म्हणतात. रानात तात्पुरती वस्ती करायची, चुलाणावर मडक्यांच्या रांगा चढवायच्या आणि खैराचा अर्क आटवायचा, हे त्यांचे परंपरागत कौशल्य. कोणती झाडे गाभ्याने भरली आहेत, अर्क नेमका केव्हा उतरवायचा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत गेलेले. १८७८ च्या भारतीय वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि हा व्यवसाय त्यांच्या हातून सुटत गेला.

१०/
येथे एक खबरदारी आवश्यक आहे. इंग्लंडच्या शिडांवर चढलेला कात मुख्यत्वे ब्रह्मदेशातून, रंगूनच्या बंदरातून जात होता. तेव्हा प्रत्येक तांबड्या शिडामागे कोकणातला कातकरी होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र झाड तेच, कृती तीच आणि तिच्यामागे राबणारे हात तसेच अनामिक. साम्राज्याच्या व्यापारनोंदींत कातीचे वजन सापडते, भाव सापडतो. तो आटवणाऱ्याचे नाव सापडत नाही. महाराष्ट्रात कातकरी जमात आज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणली जाते.

११/
सर्वच तांबडी शिडे कातीची नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. टेम्स नदीवरील मालवाहू बार्ज नौकांची शिडे तांबडी गेरू, माशाचे तेल आणि समुद्राचे पाणी यांच्या मिश्रणाने माखली जात. डेव्हन परगण्यातील ब्रिक्सहॅमच्या नौकांसाठी तिथल्याच खाणीतली गेरू वापरात होती. यात तेल पाणी अडवते आणि गेरूचे कण उन्हाला आड येतात. म्हणजे एका लेपाने दोन शत्रूंचा बंदोबस्त. दर बंदराची आपली कृती असे आणि शिडाच्या रंगछटेवरून नौका कुठली, हे जाणते ओळखत.

१२/
आता आपल्या समुद्राकडे वळू. हिंदी महासागरात हेंपची जागा काथ्याने घेतली होती. काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा धागा. कात आणि काथ्या यांची गल्लत करू नये. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काजी म्हणून राहिलेल्या इब्न बतूता याने तिथल्या काथ्याची वाखाणणी केली आहे. भारत व येमेनच्या नौकांच्या फळ्या याच दोराने शिवल्या जात, असे तो नोंदवतो. काथ्या ताकदीत उत्तम हेंपच्या मागे असेल. पण खाऱ्या पाण्यात तो कुजत नाही, तरंगतो आणि धक्का बसला की ताणून पुन्हा आखडतो. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण ज्या सुंभाची, तो हाच.

१३/
शिडाचे कापड आपल्याकडे सुताचे. ‘डंगरी’ नावाचे जाडेभरडे कापड भारतातून मोठ्या प्रमाणावर निर्यात होई. त्यातील बारीक प्रत गोरगरिबांच्या कपड्यांसाठी आणि जाडी प्रत देशी नौकांची शिडे व तंबू यांच्यासाठी वापरली जात असे. या नावाचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. इंग्रजीतील ‘डंगरीज’ हा कामकऱ्यांच्या पोशाखाचा शब्द याच कापडावरून आला.

१४/
पश्चिम किनाऱ्यावर झीज रोखण्याचा सर्वांत मोठा उपाय मात्र कोणताही लेप नव्हता. तो होता पंचांग. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात आरमाराची छावणी किल्ल्याच्या आश्रयाने बंदरात करावी, आणि दर वर्षी तेच बंदर न निवडता ते बदलावे, म्हणजे एकाच मुलुखाच्या रयतेला उपसर्ग होणार नाही, असा त्यातील आशय आहे. चार महिने शिडे उतरलेली, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, दुरुस्ती चालू. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्या खुला. खवळलेला समुद्र टाळणे हीच देखभालीची पहिली पायरी होती.

१५/
दुसरा शत्रू घर्षण. याविरुद्ध युरोपातील खलाशांनी तीन पायऱ्यांचा उपाय सिद्ध केला होता. दोराच्या पेडांमधल्या खाचांत बारीक दोरी भरायची, म्हणजे पाणी साचायला जागा राहत नाही. त्यावर डांबरलेल्या कापडाची पट्टी पिळाच्या दिशेने गुंडाळायची. शेवटी त्यावर सुतळी उलट दिशेने, एकास एक लागून, घट्ट आवळत न्यायची. कापड पिळाच्या दिशेने, सुतळी त्याविरुद्ध, हा क्रम विसरू नये म्हणून खलाशी तो यमकात घोकत. अशा रीतीने झाकलेल्या दोरात झिजते ती सुतळी. दोर आत सुरक्षित राहतो.

१६/
जिथे शीड ताणाच्या दोरावर सतत घासते, तिथे जुन्या दोरांचे धागे उकलून केलेले केसाळ, गुबगुबीत गोंडे बांधत. जुन्या नौकांच्या छायाचित्रांत दोरांवर अस्वलाच्या शेपटीसारखे काही दिसले, तर ते हेच. जीर्ण दोराला इंग्रजीत ‘जंक’ म्हणत. आज भंगारासाठी वापरला जाणारा हा शब्द मुळात जहाजावरचा आहे. गोंड्यांतून उरलेला दोर पिंजून, त्याचा डांबरी चोथा नौकेच्या फळ्यांच्या फटींत ठोकला जाई. तो पिंजण्याचे बोटे सोलणारे काम व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये कैद्यांकडून आणि अनाथाश्रयांतील दरिद्री लोकांकडून करवून घेत.

१७/
या कामाचा विस्तार किती होता? नेल्सनच्या ‘एचएमएस व्हिक्टरी’वर ३७ शिडे आणि सुमारे ४२ किलोमीटर लांबीचे दोर होते. दोर वळण्यासाठी चॅटमच्या गोदीत जवळजवळ ३५० मीटर लांबीची इमारत उभी होती. ती आजही पाहता येते. १८०५ च्या ट्रफल्गारच्या लढाईतील ‘व्हिक्टरी’चे एक शीड पोर्ट्‌समथमध्ये जतन केलेले आहे. त्यावर सुमारे ९० छिद्रे आहेत. त्या काळचे शीड आज पाहायला मिळणे ही विलक्षण दुर्मिळ गोष्ट आहे. बाकीची सारी झिजून, कुजून, पिंजून संपली.

१८/
दोरांची ही भूक राजकारणापर्यंत पोहोचली. ब्रिटिश नौदलाचा हेंप मुख्यतः रशियातून येई. १८०७ च्या टिल्सिटच्या तहानंतर रशिया नेपोलियनच्या बाजूस गेला आणि हा पुरवठा संकटात आला. पर्याय म्हणून भारतीय तागाकडे लक्ष वळले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी अनेक भारतीय धाग्यांचे दोर साधे, तुरट रसात मुरवलेले आणि डांबरलेले, अशा तिन्ही रूपांत तपासले होते. नवा दोर किती मजबूत, याबरोबरच भिजून राहिल्यावर किती उरतो, हाही त्यांचा प्रश्न होता.

१९/
एकोणिसाव्या शतकात कापड बदलले. १८५१ साली ‘अमेरिका’ या नौकेने इंग्लंडच्या पाण्यात शर्यत जिंकली. ‘अमेरिकाज कप’ हे नाव तिच्यावरूनच पडले. तिची शिडे यंत्रावर घट्ट विणलेल्या सुताची होती. इंग्रज नौकांची जवसाची शिडे त्यापुढे ढगळ ठरली. पण सूतही सेल्युलोजच. कूज तशीच राहिली. नवे सुती शीड पहिल्यांदा मंद वाऱ्यातच वापरायचे, हळूहळू ताणायचे, प्रत्येक वेळी वाळवायचे, हे शिस्तीचे नियम पुढे कित्येक दशके चालले.

२०/
खरा खंड पडला तो १९४१ साली. इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला. ब्रिटनमध्ये तो ‘टेरिलीन’ आणि अमेरिकेत ‘डेक्रॉन’ या नावाने बाजारात आला. १९५० च्या दशकात त्याची शिडे होऊ लागली. बुरशी या धाग्याला खाऊ शकत नाही. शेकडो वर्षांचा पहिला शत्रू एका पिढीत नामशेष झाला आणि त्याबरोबर कातीच्या कढया थंडावल्या, सालीचे काढे बंद पडले. एका शोधाने एक संपूर्ण कारागिरी निरुपयोगी ठरली.

२१/
याच काळात शिडाची नौका श्रीमंतांच्या हातून सामान्यांच्या हातात आली, ती डिंगीच्या रूपाने. ‘डिंगी’ हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच, हिंदी-बंगालीतील लहान होडीच्या नावावरून, उचलला आहे. १९६३ साली जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेली ‘मिरर’ डिंगी घरी जोडता येईल अशा प्लायवुडच्या संचात मिळे. अशा सुमारे ७०,००० डिंग्या बनल्या. योगायोग पाहा, तिची ओळख होती तांबडी शिडे. मात्र हा तांबडा रंग निव्वळ शोभेचा होता; त्यात कातीचा थेंबही नव्हता.

२२/
पण पॉलिएस्टर अमर नाही. उन्हातील अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. सर्वप्रथम शिवण जाते, कारण टाक्याचा धागा कापडाच्या वर उघडा असतो. कापड शाबूत आणि शिवण हाताने उसवते, अशी अवस्था येते. त्यात भर पडते फडफडीची. वाऱ्यात मोकळे सोडलेले शीड क्षणाक्षणाला हजारो लहान घड्या घेते. त्यामुळे कापडाला आकार देणारा राळेचा लेप तडकतो आणि शीड मऊ, पोटाळ होते. ते दिसायला धड असते, पण वाऱ्याशी झुंजत वर जाण्याची त्याची ताकद गेलेली असते.

२३/
दोरांचेही तेच. १८३४ च्या सुमारास जर्मनीतील हार्झच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारांचा दोर यशस्वी केला. पुढे तो डोलकाठीला आधार देऊ लागला. विसाव्या शतकात त्याची जागा गंजरोधक पोलादाने घेतली. कूज गेली, पण धातूचा थकवा आला. तार मधोमध तुटत नाही. जिथे ती टोकाच्या नळीत शिरते तिथे वारंवार वाकून एक-एक धागा तुटतो. तुटलेला पहिला बारीक धागा बोटाला टोचतो, तोच इशारा. तो दुर्लक्षिला तर डोलकाठी एके दिवशी आडवी होते.

२४/
म्हणून आज डिंगी चालवणारा जे करतो, त्यात जुन्याच रीती दिसतात. खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन शीड वाळवतो, कारण मिठाचे कण कापडात घासतात. घडी न घालता ते गुंडाळतो. काठावर आल्यावर फडफडू न देता उतरवतो आणि उन्हापासून झाकतो. वाऱ्याच्या दिशेने जाताना शीड जिथे बाजूच्या तारेवर टेकते तिथे जादा ठिगळ लावतो. हीच जागा पूर्वी केसाळ गोंड्याची. उघड्या खिळ्यांवर चिकटपट्टी गुंडाळतो. दोर कप्पीवर एकाच ठिकाणी झिजू नये म्हणून त्याची टोके आलटून-पालटून वापरतो. ही शेवटची युक्ती तर हेंपच्या काळापासून जशीच्या तशी चालत आली आहे.

२५/
आरमारांचा इतिहास आपण लढायांच्या तारखांनी लक्षात ठेवतो. त्या तारखेला नौका समुद्रात उभी असावी म्हणून आदल्या वर्षभर कोणी शीड वाळवले, कोणी दोरावर सुतळी आवळली, कोणी रानात कात आटवला. या लोकांची स्मारके नाहीत, आणि त्यांच्या वस्तू स्वभावतःच झिजून नाहीशा झाल्या. त्यांचा पुरावा शब्दांत उरला आहे: कातकरी, डंगरी, डिंगी, जंक, सुंभ. पुढच्या वेळी संग्रहालयात जहाजाची प्रतिकृती पाहाल तेव्हा तोफांकडे पाहून झाल्यावर दोरांकडेही पाहा.

२६/
कोकणातील बहुतेक होड्यांवर आता यंत्रे आली आहेत. शिडे शिवणाऱ्या, जाळी सालीच्या काढ्यात रंगवणाऱ्या माणसांची अखेरची पिढी काही गावांत अजून आहे. आपल्या घरात वा गावात अशी कोणी वडीलधारी मंडळी असतील, तर त्यांना विचारून कृती, साहित्य आणि शब्द लिहून घ्यावेत. या धाग्याखाली ते नोंदवलेत तर सर्वांनाच लाभ होईल. धागा येथे पूर्ण होतो.